सजावटीचा आरंभ छपरापासून

घराला नवे रूप द्यावयाचे ठरले की बहुतेक कुटुंबांत पहिला प्रश्न निघतो तो रंगाचा. भिंती हिरवट असाव्यात की पिवळसर, पडदे कोणत्या कापडाचे घ्यावेत, बैठकीच्या खोलीत फरशी कोणती बसवावी, ह्यांवर चार चार दिवस चर्चा चालते. गृहरचनेचे शास्त्र जाणणारी व्यक्ती मात्र अशा घरात पाऊल टाकते ती वर पाहतच. प्रथम छप्पर, नंतर भिंतींचे कोपरे, नंतर जमीन, आणि भिंतीचा रंग अगदी शेवटी, असा तिच्या पाहण्याचा क्रम असतो. हा क्रम ज्यांना उलटा वाटेल, त्यांनी आपल्या घराच्या मागील डागडुजीचा हिशेब आठवून पाहावा. हौसेने लावलेल्या रंगावर दुसऱ्याच पावसाळ्यात ओलीचे डाग उमटले, नव्या गिलाव्यातून जुनीच भेग पुन्हा डोकावली, आणि खर्च मात्र पदरात पडला, असा अनुभव पुष्कळांस आला असेल. सजावट ही घरावर चढवावयाची वस्तू नव्हे. ती घराच्या प्रकृतीतून उमलावी लागते. प्रकृतीच बरी नसेल, तर अलंकार काय शोभणार?

शहपुऱ्याचे एक घर

ही गोष्ट नीट समजून घेण्यासाठी आपण मध्य प्रदेशातील शहपुरा ह्या गावी जाऊ. जबलपूर जिल्ह्यातील हे तहसिलीचे गाव नर्मदेच्या खोऱ्यात वसले आहे. शहपुरा नावाची आणखीही गावे असल्यामुळे, जबलपूर-इटारसी लोहमार्गावरील भिटोनी स्थानकाचे नाव जोडून ह्या गावास शहपुरा-भिटोनी असे म्हणतात. भेडाघाटचे संगमरवरी कडे येथून दूर नाहीत. भोवतालच्या गव्हाच्या प्रदेशास ‘हवेली’ असे नाव आहे. येथील शेतकरी पिढ्यानपिढ्या शेतांना बांध घालून पावसाचे पाणी त्यांत कोंडून ठेवीत आणि पावसाळ्याच्या अखेरीस ते सोडून देऊन रब्बीची पेरणी करीत. पाणी धरून ठेवणारी ही काळी माती पिकास जितकी उपकारक, तितकीच घराच्या पायास त्रासदायक आहे. हे का, ते पुढे येईलच.

१९५६ सालापर्यंत नागपूर आणि जबलपूर ही शहरे एकाच राज्यात होती. रेल्वे, टपाल, कचेऱ्या आणि १९०४ साली जबलपुरास निघालेला तोफगाड्यांचा कारखाना अशा ठिकाणच्या नोकऱ्यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे ह्या भागात आली व येथलीच झाली. अशाच एखाद्या कुटुंबाचे शहपुऱ्यातील जुने घर आपण डोळ्यांसमोर आणू. काही भिंती मातीच्या, काही मातीत रचलेल्या विटांच्या, पण सगळ्याच हात-दीड हात जाडीच्या. वर देशी कौले. पुढे ओसरी, जिला इकडे ‘परछी’ म्हणतात. मध्ये अंधारे माजघर आणि मागे परसू. घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे आहेत. थोडी शिल्लक साठली आहे आणि घर नीट करून घ्यावयाचे आहे.

मुलगा म्हणतो, “आई, ह्या कौलांचा जाच आता पुरे झाला. माकडे कौले फोडतात, दर वर्षी मृगाच्या आधी शाकारणी करावी लागते. एकदा वर स्लॅब घातली की मिटले.”

आजी म्हणते, “अरे, ह्या भिंती मातीच्या. त्यांच्या डोक्यावर एवढा भार कसा टाकतोस? आणि उन्हाळ्यात ह्याच घरात गारवा असतो, हे विसरलास?”

सून म्हणते, “आई, छप्पर कोणतेही ठेवा. पण स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो, तेवढे आधी पाहू या.”

तिघांचेही म्हणणे खरे आहे. चांगल्या रचनाकाराचे कौशल्य ते हेच, की तिघांची गाऱ्हाणी ऐकून घ्यावी आणि त्यांना एकाच उत्तरात बसवावे.

डोक्यावर भार घेण्यापूर्वी

मुलाच्या स्लॅबपासून आरंभ करू. चार इंच जाडीच्या काँक्रीटच्या स्लॅबचे वजन दर चौरस फुटास सुमारे २३ किलो भरते. म्हणजे दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा एका खोलीवर जवळजवळ पावणेतीन टनांचा भार येतो. वरचा गळती रोखण्याचा थर आणि गच्चीची फरशी ह्यांत धरलेली नाही. मंगळुरी कौलांचे छप्पर लाकूडकामासह ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलके असते. जाड मातीची भिंत सरळ खाली येणारा बराच भार सोसते. परंतु आडवा धक्का तिला सोसवत नाही. आणि नर्मदेच्या खोऱ्यात असा धक्का ही केवळ कल्पनेतील गोष्ट नव्हे.

२२ मे १९९७ रोजी पहाटे, साडेचार वाजण्याच्या सुमारास, जबलपूर व भोवतालचा प्रदेश भूकंपाने हादरला. त्याची तीव्रता सहाच्या आसपास होती. सुमारे चाळीस माणसे प्राणास मुकली आणि हजारो घरांची हानी झाली. सर्वाधिक फटका बसला तो मातीच्या आणि मातीत रचलेल्या विटांच्या घरांना. तथापि नवे ते सारे सुरक्षित, असेही दिसले नाही. जबलपूर शहरात वाहने ठेवण्यासाठी तळमजला खांबांवर मोकळा सोडून वर मजले चढविलेल्या काही काँक्रीटच्या इमारतींच्या तळमजल्याच्या खांबांना जबर इजा झाली. वर सारे वजन आणि खाली भिंतींचा आधार नाही, हेच त्याचे कारण.

महाराष्ट्रातील वाचकांस ह्यावरून किल्लारीचे स्मरण होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपाची तीव्रता जबलपूरच्या भूकंपाहून फार अधिक नव्हती. पण त्यात हजारो माणसे गेली. तेथील भूकंप जमिनीच्या वरच्या थरात झाला होता, तर जबलपूरचा सुमारे ३५ किलोमीटर खोल होता, हे ह्या फरकाचे एक कारण. दुसरे कारण घरांचेच. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचा जड थर असलेली माळवदे, अशी तेथील बहुसंख्य घरे होती. भूकंपात घरावर येणारा आडवा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. भिंती कोपऱ्यांत एकमेकींपासून सुटल्या आणि डोक्यावरचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला.

तेव्हा जुन्या मातीच्या भिंतींवर थेट स्लॅब घालू नये, हा आजीबाईंचा सल्ला शास्त्रालाही मान्य आहे. स्लॅब हवीच असेल, तर तिचा भार घेणारी नवी रचना पायापासून उभारावी लागेल आणि ती अनुभवी अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणेच करावी लागेल. ते नवे घर बांधणे झाले, डागडुजी नव्हे.

डागडुजीच करावयाची, तर छप्पर हलके ठेवून घराचे अवयव एकमेकांस बांधून घ्यावेत. वासे, आढे आणि तुळया ह्यांना पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत शिरला, तर ते लाकूड वाळवीने वा ओलीने पोखरले आहे असे समजून बदलावे. वाशांच्या जोड्या आडव्या लाकडाने एकमेकींस जोडल्या म्हणजे त्या भिंतींना बाहेर ढकलीत नाहीत. भिंतीच्या माथ्यावर लाकडी पट्टी घालून वासे तिला आणि ती भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी पक्की करावी. दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवर चारही भिंतींना वेढणारा एक अखंड पट्टा असणे फार मोलाचे आहे. नव्या बांधकामात तो सळई घातलेल्या काँक्रीटचा करतात. जुन्या विटांच्या भिंतीस आतून व बाहेरून पोलादी जाळीची पट्टी लावतात, दोन्ही जाळ्या भिंतीतून आरपार जोडतात आणि वर सिमेंटचा गिलावा करतात. पिंपाला जसे लोखंडी कडे, तसा घराला हा पट्टा. निव्वळ मातीच्या भिंतीवर कोणता उपाय चालेल, हे मात्र भिंत पाहूनच ठरवावे लागते. हे काम गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये. अभियंत्याची एक भेट रंगाच्या एका डब्याहून फार महाग पडत नाही.

मुलाचे गाऱ्हाणे उरते ते कौलांचे. देशी कौलांऐवजी खाचांत बसणारी मंगळुरी कौले घातली, तर शाकारणीचा त्रास पुष्कळ कमी होतो. कौलांखाली फळ्यांचे किंवा चटईचे छत केले म्हणजे धूळ व ऊन दोन्ही अडतात. पत्रा स्वस्त व हलका खरा. पण उन्हाळ्यात तो तापतो आणि पावसात कानठळ्या बसवितो. पत्राच घालावयाचा असेल, तर खाली छत करणे आणि वरून पांढरा रंग देणे आवश्यक समजावे.

भेगांची भाषा

आता काळ्या मातीकडे वळू. ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. पावसाळ्यात घराचा पाया उचलला जातो व उन्हाळ्यात खचतो, आणि तो सर्वत्र सारखा हलत नसल्यामुळे भिंतींवर तिरप्या भेगा पडतात. अशी भेग दिसली की तिच्यात लांबी भरून रंग लावण्याची घाई करू नये. भेगेवर आडवी काचेची एक अरुंद पट्टी दोन्ही टोकांस गिलाव्याने चिकटवावी आणि शेजारी तारीख लिहावी. एक उन्हाळा व एक पावसाळा जाऊ द्यावा. काच अखंड राहिली, तर भेग जुनी व निजलेली आहे. ती खुशाल बुजवावी. काच तडकली, तर पाया अद्याप हलत आहे असे समजावे. भिंत बाहेर कलली आहे काय, हे ओळंबा सोडून पाहावे. अशी परीक्षा गृहिणीलाही घरच्या घरी करता येते.

मातीचे फुगणे-आकसणे थांबविता येत नाही. पण पायाजवळची ओल वर्षभर सारखी राखता येते. घराभोवती निदान तीन फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूस उतार असलेली फरसबंदी करावी. वळचणीचे पाणी पन्हळीत घेऊन दूर सोडावे. मोरीचा नळ फुटलेला नाही ना, हे पाहावे. पिंपळ, वड अशी झाडे भिंतीलगत वाढू देऊ नयेत. त्यांच्या मुळ्या उन्हाळ्यात पायाखालची ओल शोषून घेतात.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा सरसकट गिलावा करण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटचा कडक थर तिला कोंडून टाकतो. मग आत ओल साचते, गिलावा फुगतो आणि पोपडे निघतात. त्यापेक्षा मातीचा किंवा चुन्याचा गिलावा बरा. ह्या भागास चुन्याची वाण नाही. जवळच्या कटनीचा चुना प्रसिद्ध आहे. खेड्यांतील भगिनी छुई नावाच्या पांढऱ्या मातीने भिंती सारवीत आल्या आहेत, तीही भिंतीच्या प्रकृतीस मानवणारी आहे. चुना घरी विरविताना मात्र मुलांस दूर ठेवावे आणि डोळे व हात जपावेत, कारण तो उकळून उडतो.

ऊन आणि उजेड

कर्कवृत्त जबलपूरच्या किंचित उत्तरेकडून जाते. त्यामुळे जून महिन्यात शहपुऱ्याचा माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि डिसेंबरात तो दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवर येतो. हे आकडे रचनाकाराच्या फार उपयोगी पडतात. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला, तर एप्रिलच्या मध्यापासून दुपारचे ऊन त्या खिडकीत मुळीच शिरत नाही; परंतु डिसेंबरात तिच्या खालच्या अर्ध्या भागातून उबदार ऊन आत येते. छज्जा एकच, पण तो उन्हाळ्यात छत्री होतो आणि हिवाळ्यात शेकोटी.

पश्चिमेची गोष्ट निराळी. दुपारनंतरचे ऊन आडवे येते. त्याला छज्जा अडवू शकत नाही. तेथे ओसरी, बांबूची चिक, लाकडी जाळी किंवा पानझडी झाड हवे. हिवाळ्यात त्या झाडाची पाने गळतात आणि ऊन पुन्हा घरात येते. पश्चिमेच्या भिंतीलगत कोठी, मोरी किंवा कपाटे ठेवावीत आणि निजण्याची खोली तेथे शक्यतो योजू नये.

आता सुनेचे अंधारे स्वयंपाकघर. पहिला विचार मनात येतो तो भिंत फोडून खिडकी करण्याचा. पण मातीच्या भिंतीत मोठे भोक पाडणे म्हणजे तिचे बळ घटविणे होय. खिडकी करावयाचीच, तर ती कोपऱ्यापासून निदान चार फूट दूर, लहान आणि पक्क्या चौकटीची असावी. त्याहून सोपा उपाय छपरातच आहे. उत्तरेच्या पाख्यात दोन-तीन काचेची कौले बसवावीत आणि खाली छत असेल तर तेवढा भाग मोकळा ठेवावा. भिंतीला धक्का लागत नाही, आणि स्वयंपाकघरात सकाळपासून सायंकाळपर्यंत मंद, स्वच्छ उजेड उतरतो. हे काचेचे कौल आपल्या आजोबांच्या काळापासून चालत आलेले आहे. नवे घर सजविताना आपण ते विसरलो, एवढेच.

मग रंग, फरशी आणि सामान

इतके झाले म्हणजे रंगाची चर्चा अवश्य करावी. छत पांढरे ठेवावे, म्हणजे थोड्या उजेडातही खोली उजळते. उत्तरेच्या खोलीचा उजेड थंड असतो; तेथे हस्तिदंती किंवा फिकट पिवळा रंग ऊब आणतो. पश्चिमेच्या तापट खोलीस फिकट हिरवा वा निळसर रंग शांतवितो. लहान खोलीत अनेक रंग मिसळू नयेत. दारे-खिडक्यांवरील जुना तैलरंग कोरडा खरवडू नये; जुन्या रंगांत शिसे असू शकते व त्याची धूळ लहान मुलांस फार अपायकारक असते. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्यापूर्वीचा रंग असेल, तर तो पाण्याने ओला करूनच घासावा आणि मुलांस त्या खोलीत येऊ देऊ नये.

संगमरवराचा मोह ह्या भागात सहज पडतो. देवघराच्या लहानशा चौथऱ्यास तो शोभतोही. परंतु स्वयंपाकघरात तो घालू नये. लिंबू, चिंच व आम्लयुक्त सफाईद्रव्ये ह्यांनी त्यावर न निघणारे डाग पडतात. माजघरात कोट्याची किंवा तत्सम फरशी, नाही तर लाल सिमेंटचा कोबा, थंड, टिकाऊ आणि पुसावयास सोपा असतो.

स्वयंपाकाच्या ओट्याची उंची बाजारातील मापाने नव्हे, तर काम करणारीच्या मापाने ठरवावी. ताठ उभे राहून हात कोपरात वाकवावा आणि कोपराच्या चार इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग येईल असे करावे. पाच फूट उंचीच्या गृहिणीस तो तेहतीस इंचांच्या आसपास येतो. एवढ्याने वर्षानुवर्षांची पाठदुखी टळते.

सामानाची मांडणी करताना पहाटे साडेचारची ती वेळ स्मरावी. पलंगाच्या डोक्याशी जड फळी, तसबीर वा ट्रंका ठेवू नयेत. उंच कपाटे भिंतीतील पक्क्या लाकडास किंवा तुळईस कोयंड्याने जखडावीत. जड भांडी खाली आणि हलकी वर, असा क्रम ठेवावा. निजण्याच्या खोलीपासून अंगणापर्यंतची वाट अंधारातही मोकळी सापडावी. तिच्यात शिवणयंत्र, सायकल किंवा धान्याची कोठी येऊ नये. ही मांडणी सुरक्षित तर असतेच, पण पाहणाऱ्यास ती नेटकीही दिसते. कारण जेथे प्रत्येक वस्तू कारणाने ठेवलेली असते, तेथे पसारा होत नाही.

शोभेच्या वस्तू थोड्या असाव्यात आणि शक्यतो भूमीशी नाते सांगणाऱ्या असाव्यात. मंडला-दिंडोरीकडील गोंड भगिनी भिंती व अंगणे चित्राकृतींनी सजवितात. दिंडोरी भागातील पाटणगढचे जनगढसिंह श्याम ह्यांनी ती परंपरा कागदावर व कापडावर आणली आणि तिला जगभर मान मिळवून दिला. तेथील कारागिराकडून घेतलेले एक चित्र ओसरीच्या पांढऱ्या भिंतीवर लावले, तर छापील देखाव्यांच्या रांगेपेक्षा ते अधिक बोलके होईल.

खर्चाचा क्रम

शिल्लक बेताची असते, हे विसरून दिलेला सल्ला निरुपयोगी होय. म्हणून कामाची विभागणी दोन-तीन वर्षांत करावी. पहिल्या वर्षी छपराचे लाकूड, भिंतींचा पट्टा आणि घराभोवतीची फरसबंदी. ही कामे पावसाळ्यापूर्वी संपवावीत. भेगांवर काचेच्या पट्ट्या लावून ठेवाव्यात. दुसऱ्या वर्षी त्या पट्ट्यांचा कौल पाहून गिलावा, वीजेच्या तारा, ओटा व मोरी करावी. रंग, पडदे आणि बैठक तिसऱ्या वर्षी. ह्या क्रमाने गेल्यास एकदा केलेले काम पुन्हा फोडावे लागत नाही.

आपल्या शहपुऱ्याच्या घरात आता काय झाले असेल? कौले राहिली, म्हणून आजीबाईंचा गारवा राहिला. शाकारणीचा जाच कमी झाला, म्हणून मुलाचे समाधान झाले. काचेच्या कौलांतून ओट्यावर उजेड पडला, म्हणून सुनेने दुपारचा दिवा मालविला. पाहुणा ओसरीवर येऊन बसेल, तेव्हा भिंतींच्या आतील जाळी किंवा वाशांना जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या त्याच्या दृष्टीस पडणार नाहीत. तो कदाचित ओसरीवरच्या चित्राची आणि भिंतीच्या रंगाची तेवढी वाखाणणी करील. करू द्यावी. घरातील माणसांस मात्र ठाऊक असेल की रात्री नातवंडे ज्या छपराखाली निश्चिंत निजतात, ते छप्पर ह्या घराची पहिली सजावट आहे.